आठवड्यातून दोनदा बसणे आवश्यक

एकतीस क्रमांकाशी येईपर्यंत तो अर्ज मला आवडला होता. आवडला म्हणजे, आमच्या खात्यात अर्ज आवडण्याची जेवढी मुभा असते तेवढा. वस्ती-शांतता साहाय्य योजनेखाली त्या वर्षी चौऱ्याऐंशी अर्ज आले होते आणि त्यातल्या त्र्याऐंशी संस्था हिंसेचं समूळ उच्चाटन करणार होत्या. काही तर पहिल्या तिमाहीतच. ही एकच संस्था अशी, की तिनं ‘कार्यपद्धती’ या रकान्यात एक शब्द लिहिला होता : बसणे. खाली खुलासा होता. ज्या घरात, ज्या जिन्यावर, ज्या दुकानासमोर पुढेमागे काहीतरी होईल असं वाटतं, तिथं आमचा माणूस जाऊन बसतो. बोलत नाही, समजावत नाही. कोणी बसलेलं असलं की पुष्कळ गोष्टी होता होता राहतात. पुढच्या वर्षासाठी बसणाऱ्या चौदा माणसांचं मानधन मागितलं होतं, आणि चौदा उश्या, कारण जिने दगडी आहेत.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला आम्ही टाचणी म्हणतो. कुठलाही कागद दुसऱ्या कागदाला जोडल्याशिवाय त्याच्या जिवाला स्वस्थता नसते. त्याला मी तो रकाना वाचून दाखवला. “नुसते बसतात?” तो म्हणाला. “मग त्यांच्यात नि आपल्यात फरक काय?” “त्यांना उशी हवी आहे,” मी म्हणाले. “उशी मंजूर करू नका हं,” तो म्हणाला, “एकदा उशी दिली की बसणाऱ्याचा निजणारा व्हायला वेळ लागत नाही. मी बावीस वर्षं बघतोय.” आम्ही दोघंही हसलो. सोमवार होता, साडेअकरा वाजले होते, छताचा पंखा नेहमीसारखा तिसऱ्या फेरीला कण्हत होता. मग मी पान उलटलं आणि जोखीम-यादी सुरू झाली. ही यादी नियमानंच मागवलेली असते : येत्या बारा महिन्यांत आपल्या वस्तीत कोणाच्या हातून इजा होण्याचा संभव आहे, ते नावं न घालता कळवावे. बाकीच्या संस्था तिथं ‘बेरोजगार तरुण’ असं लिहून मोकळ्या होतात. इथं चाळीस माणसं होती. बारावा : पुरुष, सव्वीस, भावाशी बोलत नाही, पण भावाच्या गाडीचा आवाज लांबून ओळखतो. एकोणिसावे : दोघं मित्र, फार हसतात. चोविसावा : चांभार, हल्ली हत्यारं दुकानात न ठेवता घरी नेतो. मी वाचत होते आणि मला कौतुक वाटत होतं की कोणीतरी इतकं नीट बघतं. आणि मग एकतिसावी.

‘स्त्री, त्रेपन्न. तिसरा मजला. सरकारी नोकरी. वडिलांसोबत, दोघंच. शेजाऱ्यांशी गोड. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबते, दमते म्हणून नव्हे. सकाळी वडिलांना अंघोळ घालते. पाणी हात घालून बघायची, ते बंद केलं आहे. आठवड्यातून दोनदा बसणे आवश्यक.’

आपला फोटो दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या कुटुंबात टांगलेला दिसावा तसं झालं. आधी मी पत्ता तपासला. अर्जातली वस्ती म्हणजे आमचीच, एवढं मला सकाळी लिफाफा फोडतानाच दिसलं होतं, पण वस्तीत चार हजार लोक राहतात आणि त्यातल्या कोणाहीबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. मग मी तिसऱ्या मजल्यांवरच्या, सरकारी नोकरीतल्या, त्रेपन्न वर्षांच्या, वडिलांसोबत राहणाऱ्या बायका मनात मोजल्या. एक झाली. यात चूक काय आहे ते मला लगेच सापडलं आणि बरं वाटलं : मी पाणी हात घालून बघते. रोज बघते. कोपर बुडवून, लहान मुलाचं बघतात तसं. इतकं ढोबळ चुकणाऱ्या संस्थेला कार्यपद्धतीचे गुण कमी द्यायला हवेत असंही मनात आलं. जिन्यात थांबते हे मात्र खरं. दुसऱ्या मजल्यावर मी चेहरा बदलते. ऑफिसचा उतरवून घरचा चढवायला अर्धं मिनिट लागतं; तेवढं कोणाचंही कोणाच्या लक्षात येऊ नये, अशी माझी कल्पना होती.

त्या संध्याकाळी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर एक म्हातारी बसलेली होती. मी तिला तीन-चार महिने बघत होते आणि ती दम खायला बसते असं धरून चालले होते; कोणाकडे जाण्यासाठी दम खाते हे कधी विचारलं नव्हतं. गुडघ्यावर हात, हातात काही नाही. “बरी आहेस का गं?” तिनं नेहमीसारखं विचारलं. “बरी,” मी नेहमीसारखं म्हणाले, आणि तिला ओलांडताना पहिल्यांदाच वर पाहिलं. तिच्या डोक्याच्या अगदी वर आमच्या न्हाणीघराची खिडकी होती. त्या खिडकीतून रोज सकाळी वाफ बाहेर जाते.

बाबा खुर्चीत होते. दिवसभर त्यांच्याजवळ असते ती ताई त्यांना चार वाजता खुर्चीत बसवून, केस विंचरून जाते, त्यामुळे संध्याकाळी ते फोटो काढून घ्यायला आल्यासारखे दिसतात. झटका येऊन उजवी बाजू गेली त्याला पावणेतीन वर्षं झाली. त्यानंतर त्यांच्याजवळ एकच शब्द राहिला आहे : बरं. भूक लागली तरी बरं, जेवण कडू लागलं तरी बरं, दार आपटलं तरी बरं. माझी धाकटी बहीण लांब राहते. दर सोमवारी फोन करते. “बाबा कसे आहेत गं?” “स्वच्छ आहेत,” मी म्हणाले. “हे काय उत्तर झालं?” “मग काय सांगू? बोलतेस का? बरं म्हणतील.” ती हसली. “ताई, तू आहेस म्हणून बाबा आहेत,” ती म्हणाली. हे ती नेहमी म्हणते. त्या दिवशी त्याचा दुसऱ्या बाजूनंही विचार करता येतो असं वाटून मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

बाबा वजनमापांचे निरीक्षक होते. दुकानदारांच्या तराजूत बोट घालून लबाडी पकडायचे आणि घरी आल्यावरही त्यांचं बोट थांबत नसे. ओरडत कधी नसत. ओरडणाऱ्या बापांबद्दल आम्हा बहिणींना एक प्रकारची असूया होती, कारण तिथं निदान आधी कळत असे. बाबा मनगटावरचं घड्याळ काढायचे. चांगलं घड्याळ होतं, त्याला धक्का लागू नये म्हणून. ते खिडकीच्या कट्ट्यावर तबकडी वर करून ठेवायचे आणि आईला आतल्या खोलीत बोलवायचे. आम्ही दोघी बाहेर घड्याळाकडे बघत उभ्या राहायचो. साधारण सहा मिनिटं; कधी सात. शेजारी रेडिओ मोठा करायचे. तीही एक कार्यपद्धतीच. बाबा बाहेर आले की घड्याळ बांधायचे, वेळ बघायचे आणि मला पाढे विचारायचे. मी पाढ्यांत कधी चुकले नाही. आजही चौऱ्याऐंशी अर्जांची बेरीज माझी एकटीची जुळते. आई गेली तेव्हा बाबा सभ्यपणे रडले. आता रोज सकाळी सात वाजता त्यांच्या निकामी मनगटावरून ते घड्याळ मी काढते, कारण ओलं होऊन चालत नाही. पट्ट्याचा खटका सुटतो तेव्हा ते माझ्याकडे बघतात. मी ते कट्ट्यावर ठेवते, तबकडी वर करून. दुसरीकडे कुठं ठेवणार?

मंगळवारी दुपारी मी जागेच्या पाहणीला गेले. पाहणी करणं माझ्या कामातच होतं, आणि ज्या यादीत आपण आहोत तिची पाहणी करू नये असा नियम असला तरी आपण यादीत आहोत हे सिद्ध झालं नव्हतं. संस्थेचं कार्यालय म्हणजे बंद पडलेल्या लाँड्रीची मागची खोली. भिंतींना अजून खळीचा आंबूस वास होता, छताला कपडे टांगायच्या रिकाम्या सळया होत्या. प्रमुख म्हणून एक उंच, वाकलेला माणूस पुढं आला. तीस वर्षं बसवर कंडक्टर होता आणि अजूनही खोली हलत असल्यासारखे पाय फाकवून उभा राहत होता.

“या मॅडम. खुर्ची मात्र नाही. खुर्च्या सगळ्या कामावर गेल्यात.”

“यादी कशी करता?” मी उभ्यानंच विचारलं.

“तिकिटं फाडता फाडता शिकलो. माणूस वरचा दांडा कसा धरतो त्यावरून समजतं, हा आज कोणावर तरी हात टाकणार. मग मी त्याच्याशेजारी जाऊन उभा राहायचो. नुसता. पुढच्या स्टॉपला उतरून जायचा बिचारा.”

“म्हणजे अंदाजच.”

“तुम्ही गुण देता ते काय असतं?”

तुमच्याकडे घटना कमी आहेत, असं मी म्हणाले. गरज या सदराला चाळीस गुण होते आणि ते नोंदलेल्या घटनांवर मिळत. वर्षात वस्तीत दोनच नोंदल्या होत्या. सगळं धरून सत्तावन्न भरत होते, हवे होते साठ. “दोनच आहेत, कारण आम्ही बसतो,” कंडक्टर म्हणाला. “होता होता राहिलेल्या गोष्टींना रकाना नाही,” मी म्हणाले. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. “मग काय करावं आम्ही? एकदा उठून यावं का?” तो थट्टा करत नव्हता. मी उगाच पानं उलटली. “एखादं उदाहरण सांगा. समजा… समजा एकतीस.”

तो पानाकडे बघायला वाकला नाही. दाराबाहेर बघत राहिला. “एकतीस अवघड आहे. बाई चांगली आहे. चांगल्या माणसांना शेवटपर्यंत पत्ता लागत नाही.”

“पण पाण्याचं कोण बघतं? ते तर बंद दाराआडचं.”

“बघत कोणी नाही, मॅडम. ऐकतात. आधी बादलीत पाणी पडतं. मग नळ थांबतो, हात घालून बघण्याइतका. मग गार पाणी सोडल्याचा आवाज. जिन्यात सगळं ऐकू येतं. तीन महिने झाले, मधलं थांबणं बंद आहे.”

“मग तिला सांगत का नाही तुम्ही?”

“सांगितलं की माणूस खिडकी लावून घेतो.”

माझ्या मनात नेमकं तेच चाललं होतं. खिडकीची कडी गंजली आहे, तिला तेल द्यायला हवं, असं. तो एवढंच म्हणाला की अनुदान आलं नाही तर एक तारखेपासून जिने रिकामे, कारण बसणारी माणसं म्हातारी आहेत आणि गुडघे दुखवून घ्यायलाही हल्ली काहीतरी मिळावं लागतं. मी निघाले तेव्हा त्यानं पायऱ्यांपाशी माझ्यासाठी दार धरलं. त्याला माहीत होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. कंडक्टर लोक सगळ्यांनाच सारख्या नजरेनं बघतात.

बुधवारी सकाळी मी मुद्दाम लक्ष ठेवायचं ठरवलं. स्वतःवर लक्ष ठेवणं वाटतं तितकं सोपं नसतं. ज्याच्यावर ठेवायचं तो आणि ठेवणारा एकाच वेळी उठतात, एकाच टॉवेलला हात पुसतात. बाबांना लाकडी स्टुलावर बसवलं. खटका सोडला, घड्याळ कट्ट्यावर. त्यांनी माझ्याकडे बघितलं. नळाखाली बादली, वाफ खिडकीकडे. आता मी कोपर बुडवणार, असं मला माहीत होतं. मी वाट पाहत राहिले. हात दिसत होता माझा, बादलीच्या कडेवर, बांगडी नसलेला, नखं कापलेली. अर्जावर सही करणारा ओळखीचा हात. तो पाण्यात गेला नाही. त्यानं तांब्या उचलला. खाली जिन्यात कोणीतरी खाकरलं, की मला वाटलं? ते खाकरणं ऐकून मी थांबले असते, असं मी नंतर पुष्कळदा स्वतःला सांगून बघितलं आहे. मला पाणी किती तापलं आहे ते माहीत होतं असं म्हणता येणार नाही. माहीत नव्हतं असं तर मुळीच म्हणता येणार नाही. मी तांब्या त्यांच्या खांद्यावर ओतला. बाबांची डावी बाजू उडाली. त्यांचं तोंड उघडलं, खालचा ओठ थरथरत कशाकशाचा शोध घेत राहिला, सबंध भाषेतून काहीतरी उचलून आणायला गेला आणि रिकाम्या हातानं परत आला.

“बरं,” बाबा म्हणाले.

मग मी गार पाणी सोडलं, भरपूर सोडलं, टॉवेल भिजवून खांद्यावर ठेवला, मलम लावलं, सगळं नीट केलं. मी चांगली आहे. नऊ वाजता ताई आली आणि सदरा बदलताना म्हणाली, “अगबाई, पाठ केवढी लाल झालीय. सकाळी उन्हात बसवलं होतं का?” “हो,” मी म्हणाले. इतकं सोपं होतं. ऑफिसला जाताना जिन्यात म्हातारी होती. तिनं बरी आहेस का विचारलं नाही. ती सरकून भिंतीशी बसली, मला जायला वाट दिली आणि माझ्याकडे पाहत राहिली, जणू मी उतरत नसून वर चढत होते. दिवसभर मला कशाची भीती वाटत होती ते सांगते. झालं त्याची नव्हे. उद्या सकाळची. सात वाजता खटका सुटेल, हात कडेवर येईल आणि तो काय करतो ते मलाही इतरांइतकंच नंतर कळेल, याची. आणि एक तारखेला जिना रिकामा होणार होता.

गुरुवारी सकाळी मी बाबांना अंघोळ घातली नाही, नुसतं ओल्या फडक्यानं पुसलं. ऑफिसात जाऊन घटना-नोंदीचा कोरा फॉर्म काढला. नियमपुस्तिकेत व्याख्या आहे : घटना म्हणजे शरीरास इजा पोहोचवणारी कृती, जी सक्षम अधिकाऱ्याने पडताळून नोंदवली आहे. एका घटनेला चार गुण. सत्तावन्न आणि चार मी तोंडी केले. सक्षम अधिकारी मीच होते, या खात्यात गेली अकरा वर्षं. इजा झालेल्या व्यक्तीचं नाव. वय, एक्याऐंशी. इजेचं स्वरूप, भाजणे, डावा खांदा व पाठ. कृती करणाऱ्याचं नाव मी पूर्ण लिहिलं, वडिलांच्या नावासकट, म्हणजे ते त्या कागदावर दोनदा आलं. पडताळणीची पद्धत : प्रत्यक्ष उपस्थिती. खाली सही. तळाशी छापलेलं असतं, ‘ही माहिती गोपनीय राहील’, आणि ते खरं आहे. आमच्याकडे माहिती गोपनीय राहते, कारण ती कोणी वाचत नाही. अपवाद फक्त टाचणीचा. जोडण्याआधी कागद सुलटा आहे ना हे बघताना त्याचं थोडं वाचून होतं.

“घोळ झालाय,” तो म्हणाला. “अधिकाऱ्याचं नाव दोन्हीकडे पडलंय. खाडाखोड करू नका, नवीन फॉर्म देतो.”

“घोळ नाही.”

“अहो, इथं बघा ना, कृती करणाऱ्याच्या जागी…” तो थांबला. कागद त्याच्या हातात होता, टाचणी दोन बोटांत. त्यानं तो पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला, या वेळी वाचण्यासाठी. पंखा कण्हत फिरत होता. “बरोबर आहे मग,” तो म्हणाला आणि कागद जोडला. जेवणाच्या सुट्टीत तो रोजच्या कंपूत गेला नाही. आपला डबा घेऊन माझ्या टेबलाशी आला, स्टूल ओढून बसला आणि सुट्टी संपेपर्यंत एक अक्षर बोलला नाही. त्याला कोणी हे शिकवलं होतं असं मला वाटत नाही.

शुक्रवारी समितीत साहेबांनी फाइल चाळली. “ऐनवेळी घटना कुठून आली?” “ताजी आहे, साहेब.” “पडताळणी?” “मी स्वतः केली.” “वा. एवढी तत्परता सगळ्यांनी दाखवली तर.” त्यांनी सही केली. बाजूच्या सदस्यानं विचारलं, या लोकांच्या बसण्याचा परिणाम मोजणार कसा? साहेब म्हणाले, परिणाम दिसायला लागले की मोजू. उश्या नामंजूर झाल्या. बाकी सगळं मंजूर. मी खाली मान घालून इतिवृत्त लिहीत होते. अक्षर चांगलं आलं होतं. माझ्यावर पुढं काय कारवाई व्हायची ती त्या कागदातून व्हायला हवी होती. पण कागद कपाटात गेला. कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. ती रात्रंदिवस पर्समध्ये असते, आणि मी तो कागद काढून फाडलेला नाही, एवढं मला माझ्याविषयी खात्रीनं सांगता येतं.

एक तारखेपर्यंत सात दिवस होते. सात दिवस बाबांना फडक्यानं पुसून काढलं. ते अस्वस्थ झाले, त्यांच्या मानेवर घामोळं आलं, ताई कुरकुरली, बहीण फोनवर म्हणाली, अगं अंघोळ तेवढी एक आवडते त्यांना, तेवढी तरी घाल. मी घालते म्हणाले. एक तारखेला सकाळी पावणेसातला दार वाजलं. म्हातारी होती. जिन्यात बसलेली पाहिल्यामुळे ती एवढी बुटकी असेल असं वाटलं नव्हतं. मी दार पूर्ण उघडलं. चेहरा कुठलाच चढवलेला नव्हता; तो तिनं बघितला आणि चपला काढल्या. आत बाबा स्टुलावर तयार होते, उघडे, पाठमोरे, खांद्यावरची कातडी गुलाबी, नवी. पाठमोरे असूनही कोण आलं ते त्यांना समजलं असावं. डावा हात मांडीवर उघडमीट करत होता. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. नळ अजून बंद होता.

“कोणाजवळ बसू?” तिनं विचारलं. “त्यांच्याजवळ, की तुझ्याजवळ?”

पावणेतीन वर्षांत मला कोणी प्रश्न विचारला नव्हता असं नाही. पण त्या सगळ्यांचं उत्तर बाबांबद्दल होतं.

“माझ्याजवळ,” मी म्हणाले, आणि दाराशी तिच्यासाठी जागा केली.